आये माझ्या रेलकारमध्ये बसली

असले गूढ अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय, हे आधीच कबूल करतो. आमच्या रेडीत दर दोन वडांमागे एक देवचार, म्हणजे राखणदार भूत, ठरलेला. लहानपणी त्या वडांखालून जाताना मी मुद्दाम शीळ घालायचो. पुढे रेल्वेत ड्रायव्हर झालो आणि उरलीसुरली भीतीही गेली. त्यामुळे मी इथे लिहायला बसलोय हे पाहून घरी चेष्टा चाललीच आहे... चालू दे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. घाटावर मीटरगेजच्या एका फाट्यावर मी रेलकार चालवायचो. फाट्याचं नाव सांगणार नाही, कारण यात एक काम नियमाबाहेरचं आहे आणि माझा तेव्हाचा गार्ड अजून पेन्शन खातोय. रेलकार आजच्या मुलांना ठाऊक नसेल. एकच डबा, पोटाखाली डिझेल इंजिन, आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा. शेवटचं गाव आलं की गाडी फिरवायची भानगड नाही. हँडल काढायचं, ते हातात घेऊन लोकांमधून चालत दुसऱ्या टोकाला जायचं, तिथे बसवायचं आणि परत निघायचं. एवढ्याशा फाट्याला मोठं इंजिन परवडत नसे म्हणून ही सोय. माझ्या आणि पॅसेंजरांच्या मध्ये फक्त कमरेएवढी फळी. कुणाची म्हैस व्यायली, कुणाची सोयरीक मोडली, सगळं मला फुकटात ऐकू यायचं.

तेव्हा अख्ख्या सिंधुदुर्गात रेल्वे नव्हती. माझ्या आईने — आम्ही तिला आये म्हणायचो — जन्मभर बोटी पाहिल्या, रेडीच्या बंदरात खनिज भरायला येणाऱ्या. आगगाडी मात्र एकदाही नाही. मुलगा गाडी चालवतो आणि आपण ती पाहिलीसुद्धा नाही, हे तिला फार लागायचं. गणपतीला घरी गेलो की हातपाय धुवायच्या आत विचारायची, "माका कधी बसवतलंस तुझ्या गाडयेत?"

शेवटी मे महिन्यात न्यायचं नक्की ठरलं. तिने शेजारपाजारी सांगूनही टाकलं. आणि शिमग्याच्या आधी ती घरासमोरच्या खळ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, पाय जे गेले ते गेलेच. कूस बदलायची तरी माझी बायको आणि शेजारीण अशा दोघी लागायच्या. आंबोलीचा घाट चढून येणं आता होणार नाही, हे तिलाही कळलं. तिने विचारणंच बंद केलं. त्याचं मला जास्त वाईट वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात एके दिवशी माझी दुपारची खेप होती. ऊन रणरणत होतं, डबा अर्धा रिकामा. तांबड्या पटक्याचा एक म्हातारा लेकीकडे निघाला होता, तो खिडकीला डोकं टेकून गाढ झोपला. त्याचा हॉल्ट आला आणि गेला. बरंच पुढे आल्यावर गार्डच्या लक्षात आलं. म्हातारा जागा झाला तो रडकुंडीलाच आला. पुढचं स्टेशन लांब, परतीची गाडी थेट संध्याकाळी, आणि त्या उन्हात तो मागे चालत जाणार कसा? लाईनचं टोकन आमच्याकडे होतं, म्हणजे दुसरी गाडी अंगावर येण्याची भीती नव्हती. तरी आपल्या मनाने गाडी मागे घेणं म्हणजे नोकरीशी खेळ.

"घ्या मागं. मी काय बघितलं नाही," गार्ड म्हणाला.

मी हँडल काढलं आणि मागच्या टोकाकडे चालू लागलो. मधल्या एका बाकापाशी थबकलो. बाक रिकामा होता. आणि मी चक्क मोठ्याने म्हणालो, "आये, वायंच पाय भुतूर घे."

"कुणाला बोलताय ड्रायव्हरसाहेब?" गार्ड हसायला लागला.

मलाही हसू आलं. जरा पाय आत घे, असं मी कुणाला सांगितलं? तिथे पाय नव्हते, माणूस नव्हतं. उन्हाने डोकं फिरलं म्हटलं. म्हाताऱ्याला त्याच्या हॉल्टवर उतरवलं, परत पुढच्या टोकाला आलो आणि गाडी काढली.

संध्याकाळी तार आली. आई सिरियस, निघा. दुसऱ्या दिवशी एसटीने घाट उतरून, सावंतवाडीला गाडी बदलून रेडीला पोचलो. बायको पायरीवरच भेटली. तिचा आवाज विचित्र येत होता.

"काल दुपारी आयेन पाय वर घेतल्यानी. आपणहून. आमी कोणी हात लावूक नाय."

आत गेलो. आये खूप खंगली होती, पण डोळे लख्ख. मला बघून तिने तब्येतीचं काही बोलायच्या आधी विचारलं, "तो म्हातारो पोचलो मा लेकीकडे?"

"खंयचो म्हातारो गो?"

"तांबड्या पटक्याचो. तुझ्या गाडयेत निजलेलो. तेच्यासाठी गाडी मागे घेतलंस. बरां केलंस."

मी बायकोकडे पाहिलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, असणार तरी कसं? रेडीतल्या घरात फोन नाही. गाडी मागे घेतल्याचं मी कुणापाशी बोललो नव्हतो, आणि गार्ड स्वतःच्या गळ्यात फास अडकवणारा नव्हता.

"हातात ता लोखंड घेऊन माझ्याकडसून गेलंस," आये म्हणाली. "पाय घे म्हटलंस, मी घेतलंय. पण माझ्या तोंडाकडे बघूक नाय."

मी तिच्या अंथरुणाशी खाली बसलो. पांघरुणाखाली तिचे गुडघे वर घेतलेले दिसत होते.

"चुकलां गो आये. कामात होतंय."

"आसांदे. कामार आसताना आयेक कोण बघता." मग जरा दम घेऊन म्हणाली, "गाडी बरी आसा. वारो बरो लागता. पण तू जेवक नाय होतंस. डबो तसोच होतो तुझ्या पायाकडे."

खरं होतं. म्हाताऱ्याच्या गडबडीत वेळ गेला, तो भरून काढायच्या नादात मी डबा उघडलाच नव्हता. हे तर गार्डलाही ठाऊक नव्हतं.

तिने बायकोला तिथेच ताट वाढायला सांगितलं. भात आणि बांगड्याचं तिखलं. मी तिच्यासमोर बसून जेवलो. रडत जेवलो, खोटं कशाला सांगू. ताट रिकामं होईपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत होती, मग डोळे मिटून निजली. त्याच आठवड्यात ती गेली.

योगायोग म्हणून पाहिलं, भ्रम म्हणून पाहिलं. म्हाताऱ्याचा पटका योगायोगात बसत नाही आणि न उघडलेला जेवणाचा डबा भ्रमात बसत नाही. देवचारांवर माझा अजूनही विश्वास नाही. या गोष्टीचं उत्तरही नाही. कुणाकडे असेल तर सांगा, ऐकून घेईन. पण आये माझ्या गाडीत बसली होती... तेवढं माझं मला राहू द्या.