स्थिर आकार

"आजे, युनिट शून्य. मग दिवा कशावर लावतीस? आकडा टाकतीस व्हय?"

वीजबिलाच्या खिडकीतला पोरगा हे मोठ्यानं बोलला. मागची रांग हसली. आकडा टाकणं म्हणजे खांबावरच्या तारेला वायर अडकवून वीज चोरणं. पणदऱ्यात माझा जन्म लोकांच्या उसात खुरपण्यात गेला. कुणाच्या बांधावरचं कांडं उचललं नाही. आणि हा मला चोर म्हणाला.

मी महिनाभर नातीच्या बाळंतपणासाठी इंदापूरला होते. घराला कुलूप, मीटर थंड. तरी बिल आलं. ते कशाचं, एवढंच विचारायला गेले होते. चौथी शिकले आहे, वाचता येतं. बिलावर छापलं होतं, स्थिर आकार. मी म्हणाले, "सायेब, माजं घर दोन खोल्यांचं. त्येचा आकार धरून बिल लावलं आसंल तर परत मोजा."

मग तर रांगेला हसू आवरेना. आत खुर्ची दिलेले एक बागायतदार तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "अगं, घराचा न्हवं, तुजा आकार मोजलाय!"

मी पदर ओढून घेतला. मान खाली गेली. मळ्यात मुकादम बोलला की जायची, तशीच.

"चल, हो बाजूला," पोरगा म्हणाला.

पाय निघालेच होते. पण आता सरकले तर चोर म्हणूनच सरकणार होते. मी खिडकीचा गज धरला.

"न्हाय होत. आदी सांग, आकार म्हंजी काय?"

"लाइन तटलीया, आजे."

"तटू दे. मला चोर म्हनायला येळ हुता तुला."

तात्या वैतागले. "सांग बाबा तिला. मला कारखान्यावर जायचंय."

तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. आकार म्हणजे आकारणी. घराला वीजजोड आहे तोवर वीज जाळा न जाळा, दर महिन्याला ठरलेली रक्कम लागते. जोड तोडायचा अर्ज दिला तरच ती थांबते. दोन वाक्यांचं काम. त्यासाठी माझी चोरी काढली, माझ्या अंगावरून हसले.

"म्हंजी युनिट शून्य आन् बिल, दोनी खरं?"

"व्हय."

"मग मी चोर कशी?"

त्यानं "पैसे काढ" म्हणत हात पुढं केला. तात्या मोबाईलमध्ये शिरले. रांगेत कुणी हसलं नाही, कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही.

बिल भरलं. ते देणं माझंच होतं. शब्द मात्र त्यानं मागं घेतला नाही.

पुढचं बिलही मी त्याच खिडकीत भरणार. माणसं भरपूर जमली की मोठ्यानं विचारणार, मी चोर कशी? त्याला उत्तर देता येईपर्यंत मागच्याचा नंबर लागणार नाही.