भिंतीवर उरलेली जागा

नातीला गेम खेळायला आणि सिरियली बघायला नेटवाला टीव्ही हवा होता, तोही परवडणारा. आलमबाग बाजारातल्या दुकानात तिला त्रेचाळीस इंची आवडला. मी खिशातली सुतळी काढून त्याला लावली. घरच्या भिंतीवर बायकोच्या फोटोशेजारी उरलेली जागा मी सुतळीनं मोजून आणली होती. टीव्ही चार बोटं जास्तच भरला. बायकोचा फोटो आड येतो, असं मी दुकानदाराला सांगितलं.

"बाबूजी, फोटो दूसरे कमरे में लगा दीजिए," दुकानदार म्हणाला.

मी त्याला सुनावलं, "हिवाळ्यात खांद्यावरून तिला घराबाहेर नेलं. आता भिंतीवरूनही काढू?"

नातीनं माझा हात धरला. "भैया, बत्तीस वाला दे दीजिए. गेम उसमें भी चलेगा."

टीव्ही लागला. नात खेळते, मी फोटोकडे बघत बसतो. पण फोटोच तो, बोलत नाही.