जेद्दात पुरलेला पाय

डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला. दुखेल का, चालता येईल का, नोकरी राहील का, यातलं काही नाही. म्हणाला, "काढलेल्या पायाचं काय करणार?"

डॉक्टर सुदानचे, भला माणूस. त्यांना वाटलं ह्याच्या इंग्रजीत काहीतरी चुकलं, म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सौदीतल्या यान्बूच्या त्याच हॉस्पिटलात नर्स. किती परक्या माणसांचे पाय जाताना मी टेबलाशी उभी राहिलेय, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. आमच्याकडची रीत मला माहीत होती. मुसलमान पेशंटचा अवयव हॉस्पिटल दफन करतं. बाकीच्यांचा घरच्यांनी मागितला तर देतात. पण कामगारांच्या कॅम्पातल्या एकट्या गड्याचे घरचे इथं कुठून येणार? कुणी मागत नाही, मग पिवळ्या पिशवीतून तो भट्टीत जातो. हे मी नवऱ्याला मराठीत सांगितलं.

"म्हणजे जाळणार," तो म्हणाला. "मग मी नाही काढू देत."

अशी माझी तळपायाची आग मस्तकाला गेली! आधीच या माणसानं साखर अंगावर काढली होती. रिफायनरीत पाइप फिटर, दिवसभर उन्हात जाड बुटांत पाय. फोड आला तर बायको नर्स असून मला दाखवला नाही, का तर फोरमन सुट्टी मांडेल. बोटं काळी पडली तेव्हा मोजा काढला. आणि आता ह्याला पाय जाळतील याची चिंता! मी म्हटलं, "अहो, पाय राहिला तर तुम्हीच राहणार नाही."

"नाही राहिलो तर उठेन की," तो म्हणाला. "पण अख्खा उठायला पाहिजे."

कुणी हसेल याला. हसू देत. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझ्या नवऱ्याचा पणजा महारवाड्यातला. गावात त्याची सावली चालत नव्हती, पाणी वरून ओंजळीत ओतायचे. त्याला मिशनच्या पाळकानं सांगितलं, की मेल्यावर तू हाच उठणार आहेस. तुझा आत्मा नाही नुसता, हे तुझे हात, हे पाय, ज्याला लोक शिवत नाहीत ते हे अंग देव हाताला धरून उठवणार आहे. बाकी काही त्या म्हाताऱ्याला कळलं असेल-नसेल, एवढं कळलं आणि तो ख्रिस्ती झाला. आमच्या घरात पुनरुत्थान म्हणजे हे. शेजारीपाजारी देहाला जुनं लुगडं म्हणायचे, टाकायचं आणि दुसरं नेसायचं. आम्हाला दुसरं मिळेल याचा भरवसाच नव्हता, म्हणून आम्ही हेच धरून बसलो.

"येशू उठला तेव्हा त्याच्या हाताला खिळ्यांची भोकं तशीच होती," नवरा म्हणाला. "त्याची भोकं भरली नाहीत, तर माझा पाय कुठून येणार?"

हे पाळकाचं काम, नर्सचं नाही.

म्हणून मी आमच्या मंडळीची उपासना चालवणाऱ्या वडीलधाऱ्या भावाला बोलावलं. इथं चर्च नाही. सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर पडदे ओढून, आवाज दाबून उपासना. रविवारी सगळे ड्यूटीवर, त्यामुळं ईस्टरसुद्धा गुड फ्रायडेलाच. सकाळी प्रभूला मारायचं, दुपारच्या बिर्याणीआधी उठवायचं. हा भाऊ मोठा इंजिनिअर, आमच्या राज्यातला नाही, सगळं हिंदीत. आला, नवऱ्याच्या पायावर हात ठेवून घामाघूम होईपर्यंत प्रार्थना केली आणि म्हणाला, "ब्रदर, फेथ रखो. काटने की जरूरत नहीं पड़ेगी."

झालं! बुडत्याला काडीचा आधार. नवऱ्यानं ऑपरेशन लांबवलं. मी पट्टी सोडायची आणि मला रोज दिसायचं की काळं वर चढतंय. वास यायला लागला. मी त्या भावाला फोन करून म्हटलं, आता तरी या आणि सांगा त्याला. आला तो. आणि आता काय म्हणतो? "बॉडी तो मिट्टी है, ब्रदर. असली चीज तो आत्मा है. एक पैर का क्या?"

मी वॉर्डात आहे हे विसरले. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला म्हटलं, आत्माच असली चीज असेल, तर कबरीवरचा दगड कशाला लोटायचा होता? आत्म्याला फटीतून जाता आलं असतं की. कबर रिकामी होती म्हणून तर दरवर्षी टाळ्या वाजवता ना? आणि उठल्यावर त्यानं भाजलेला मासा खाल्ला, तो काय आत्म्यानं खाल्ला? "सिस्टर थकी हुई है," असं म्हणून तो निघून गेला. उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय! पाय माझ्या नवऱ्याचा सडत होता.

शेवटी तिढा सोडवला तो आमच्या हॉस्पिटलच्या ड्रायव्हरनं. रत्नागिरीकडचा मुसलमान, मला वहिनी म्हणायचा. आमच्याकडं ख्रिस्ती लोक एकमेकांना सलामच करतात, म्हणून मी पहिल्या दिवशी त्याला सलाम केला तेव्हा तो मला आपल्यातलीच समजला होता. त्याला वॉर्डातली हकीगत कळली. तो नवऱ्याच्या खाटेशी बसला आणि म्हणाला, "जेद्दाला तुमच्या लोकांचं दफनस्थान हाय. कागद करा, मी गाडीनं नेतो. आमच्यातपण तोडलेला पाय पुरतात. टाकत नाय कोण."

नवऱ्यानं त्याच दिवशी सही केली. मी सुपरवायझरपासून नवऱ्याच्या कफीलपर्यंत, म्हणजे व्हिसाच्या मालकापर्यंत, सगळ्यांच्या पाया पडले. हो, पायासाठी पाया. कागद हातात पडले तेव्हा कुठं ऑपरेशन झालं, आणि मी पाय पांढऱ्या कापडात बांधून स्वतः त्या ड्रायव्हरच्या गाडीत बसले. वाटेतलं राबिघ गाव मागं पडलं. जेद्दाला भिंतीआडच्या त्या जागेत एका कोपऱ्यात खड्डा तयार होता. ड्रायव्हर भिंतीबाहेर थांबला. मीच दोन मुठी माती टाकली. प्रार्थना पाठ होती, पण पायासाठी कोणती म्हणायची? आमच्या प्रार्थना अख्ख्या माणसाच्या आहेत. प्रभूची प्रार्थना म्हणून मी निघाले.

परत आले तर नवरा तापात होता. त्याला सांगितलं, नीट पुरला. त्याला फार बरं वाटलं. म्हणाला, "आता मी मेलो तर मलाही तिथंच ठेव. एका जागी."

उशीर झाला होता. विष अंगात भिनलं होतं. विश्वास ठेवण्यात आणि कागद जमवण्यात जे दिवस गेले तेच पाहिजे होते. तो गेला तेव्हा मी त्याच्याजवळ होते आणि मला देवाचा इतका राग आला, की त्याचं नाव घेतलं नाही. मंडळीचे लोक आले, तो भाऊपण आला. प्रभूची इच्छा म्हणाला. मी त्याला दारातूनच घालवला.

मी ठरवलं होतं, जेद्दाला. त्यानं सांगितलं होतं तसं, पायाशेजारी. तेवढ्यात गावाहून सासूबाईंचा फोन. मी सगळं सांगितलं, त्याची इच्छा सांगितली. त्या म्हणाल्या, "पायाचं देव बघंल, बाई. त्याला काय अवघड हाय? तू मला माझ्या लेकराचं तोंड दाखव."

काय करायचं? एकीकडं मेलेल्याचा शब्द, दुसरीकडं जितीजागती आई. जो मेला तो उठणार आहे म्हणतात, त्याची समजूत नंतर काढता येईल. म्हातारीला थांबायला वेळ नव्हता. मी परत कागद फिरवले, यावेळी उलट दिशेनं. कुणी म्हणालंसुद्धा, मॅडम, आधी पुरायला परवानगी घेतली आणि आता न्यायला? मी म्हटलं, हो, पाय तुमच्याकडं ठेवून बाकीचा नेतेय.

गावात पेटी उघडली. सासूबाईंना दोघींनी धरून आणलं. मला वाटलं त्या तोंडावरून हात फिरवतील. त्यांनी तोंडाकडं एकदा बघितलं आणि त्यांचा हात सरळ खाली गेला, चादरीवरून, डाव्या बाजूला, जिथं चादर सपाट झाली होती तिथं. तिथं त्या चाचपडत राहिल्या. फोनवर देव बघंल म्हणणारी बाई ती.

"कुठं ठेवला?" त्यांनी मला विचारलं.

"जेद्दाला, आई. नीट पुरलाय. मी स्वतः माती दिलीय."

पाळकसाहेब उशाशी पुस्तक उघडून उभे होते. मेलेले अविनाशी उठवले जातील, त्याच ओळीवर आले होते, ते थांबले. सासूबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. चादरीवरचा हात न काढता त्या म्हणाल्या, "आन् तिथं त्याच्यापाशी कोण हाय गं?"

"मी आहे ना," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात परत चाललेय."