हरीदादा आणि आमचा पहिला अल्बम

हरीदादा समोरच्याच्या पायांकडे बघत. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या चपलेला काहीतरी लागलंय. मी हळूच पाय मागे घेतला, तर म्हणाले, "घेऊ नको मागं, बाय. तुझा पाय ठेक्यात हाय. बाकीची पोरा नुसती उभी हायेत."

बाकीची पोरं म्हणजे मंदार आणि नीलेश. आम्ही तिघं अंबरनाथ पूर्वेचे. ते दोघे गिटार वाजवायचे, मी गायचे. आमची गाणी अशी की ऐकणारा एकतर खिडकीबाहेर बघत बसायचा, नाहीतर उठून जायचा. ड्रमर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि आमचा अल्बम लटकला. त्याच सुमारास नीलेशच्या बहिणीच्या हळदीला चामटोली गावची बेंजो पार्टी वाजवायला आली. ड्रमवर पन्नाशीचे, भातशेती करणारे हरीदादा होते. ताटातलं मटण टाकून आम्ही त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिलो. मंदारने तिथल्या तिथे विचारून टाकलं. "वाजवीन," ते म्हणाले, "पन लगीनसराईत मना बोलवायचा नाय."

आमची गाणी त्यांना आवडली होती असं मुळीच नाही. "कुनी मेलाय काय?" असं ते पहिल्याच दिवशी विचारून मोकळे झाले. तरीही ते नेमाने येत राहिले. का, ते एकदा चहा पिताना सांगितलं. "मांडव उठला का आमचा वाजवलेला बी उठतो. जनम गेला वाजवण्यात, मागं काय हाय? एक तरी वस्तू राहू दे."

आनंदनगरला नीलेशच्या काकांचा एक बंद गाळा होता. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते, शेजारचे प्रेस आणि कंप्रेसर गप्प असतात, म्हणून रेकॉर्डिंगला शुक्रवार धरला. रेकॉर्डिंग करायला उल्हासनगरहून विकी यायचा. त्याच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान, त्यामुळे जुन्या गाद्या आणून त्याने भिंती झाकून टाकल्या. मग हरीदादांच्या कानावर हेडफोन चढवला. त्यात सारखी टिकटिक चालू. तिच्या बरोबरीने वाजवायचं.

"यो कोनासाठी? घरात घड्याल हाय मना."

"दादा, क्लिक पे बजाना है. नहीं तो गाना भागता है," विकी म्हणाला.

गाणं पळायचं, मग दमायचं, मग पुन्हा पळायचं. हळदीत तीन-तीन तास न चुकणारा माणूस तिथे शाळेतल्या पोरासारखा चुकत होता. संध्याकाळी विकी मला दाराबाहेर घेऊन गेला. "पुढच्या शुक्रवारी शेवटचा ट्राय. नहीं हुआ तो ड्रम मैं कंप्युटर पे बना दूँगा. कळणार पण नाही कोणाला."

हरीदादा दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मशीन वाजवेल, मंग नाव कोनाचा लावाल?" एवढंच विचारलं.

पुढच्या शुक्रवारी गाळ्यासमोर चामटोलीचा टेम्पो थांबला आणि त्यातून हरीदादांच्या मागोमाग त्यांची बायको बेबीवहिनी आणि वहिनींच्या दोन जावा उतरल्या. "ह्या नाचतील. मी ह्यांच्यावर वाजवतो. टिकटिक तुमच्या कानात ठेवा," हरीदादांनी फर्मान काढलं. नाचणाऱ्यांची पावलं बघून हात चालवायचा, हीच त्यांची आयुष्यभराची पद्धत. गाळ्यात त्यांना नाचणारंच कोणी नव्हतं, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माइक में आवाज़ आएगी," विकी कुरकुरला. वहिनींनी चपला काढल्या, पैंजण काढून बाजूला ठेवले. बांगड्या सवाष्णीने काढायच्या नसतात, म्हणून त्यांच्यावर रुमाल आवळले. गोणपाटं अंथरली. आणि रिकाम्या घरावरच्या माझ्या रडक्या गाण्यावर तीन बाया आवाज न करता अशा नाचल्या की मी गाताना दोनदा हसू आवरलं. हरीदादांचा हात मात्र जागेवर बसला. विकी स्क्रीनकडे बघत राहिला. "साला, क्लिक पे ही है," तो म्हणाला. तिसऱ्या गाण्यात तेवढा एकदा ठेका उसळला. सगळं एकत्र वाजवलेलं असल्याने तेवढंच कापता येईना. ती चूक तशीच राहिली.

अल्बम आला. खरं सांगायचं तर फार कोणी ऐकला नाही. पण हरीदादांनी मोबाइलवर स्वतःचं नाव दाखवत हळदीहळदीतून ऐकवला. वऱ्हाडी बिचारे जेवता जेवता सापडायचे.

पुढच्या भातकापणीत ते शेतातच गेले. छातीत कळ आली आणि बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा मी कामावर, लॅबमध्ये होते. हातातली बाटली खाली ठेवून सगळ्यांसमोर रडले.

त्यांच्याकडे माणूस गेलं की वर्षभर घरात वाजवत नाहीत, टीव्हीवरचं गाणंही नाही. त्यामुळे जी एक वस्तू मागे राहावी म्हणून या माणसाने जीव टाकला, ती त्यांच्याच घरात बंद राहिली. मला त्याचा राग यायचा. कोणावर, ते माहीत नव्हतं.

वर्षश्राद्धाला मी गेले. पंगती उठल्यावर बेबीवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. "आथा लाव, बाय."

मी मोबाइलवर अल्बम लावला. जावा, सुना, पोरं सगळी गोळा झाली. वहिनी जमिनीकडे बघत ऐकत होत्या. तिसऱ्या गाण्यात तो ठेका उसळला आणि त्यांनी माझा हात धरला.

"हितं मी हासले व्हते. आवाज नको म्हनून पदर तोंडात कोंबला. यांनी बघितला न् यांचा हात सुटला."

वहिनींनी पदराने डोळे पुसले, आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "तेवढाच लाव."