पुडी फेकू नका

नवरात्राच्या पाचव्या दिवशी माझी पत्नी सुनंदा गेली. सकाळी उलट्या सुरू झाल्या, दुपारी रक्तदाब लागेना, संध्याकाळी हॉस्पिटलनं कागद दिला. कारण लिहिलं होतं, गॅस्ट्रो आणि शॉक.

दुष्काळाचं वर्ष होतं. सगळं शहर टँकरचं पाणी पीत होतं. कोणी जास्त विचारलं नाही. मला मात्र पटेना. तेच पाणी मीही प्यायलो होतो.

मी क्रांती चौकाजवळच्या एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट होतो. ती गेल्यावर चौथ्या दिवशी कामावर गेलो. तपासणी झाल्यावर उरलेला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, आम्ही सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतो. सुनंदाला ॲडमिट करताना घेतलेला सॅम्पल आमच्याकडेच आला होता. जुने आकडे काढले. सोडियम कमी, साखर कमी. मी त्यावर कॉर्टिसॉल या हार्मोनची तपासणी लावली.

कोलेस्टेरॉल म्हटलं की लोकांना हार्ट ॲटॅक आठवतो. पण त्याच कोलेस्टेरॉलपासून मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. बरेच हार्मोन पेशीच्या दारात निरोप देऊन थांबतात. हे स्निग्ध असल्यामुळे थेट आत जातं आणि कोणती जनुकं चालवायची, कोणती थांबवायची ते ठरवतं. आजारात रक्तदाब आणि साखर त्याच्यावरच टिकते, म्हणून तेव्हा ते वाढायला हवं.

सुनंदाचं जवळजवळ शून्य आलं.

"मशीन बिघडलं असेल," आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या.

"कंट्रोल सॅम्पलचे आकडे बरोबर आहेत. दोनदा लावलं."

"लेबल बदललं असेल. कोणाचा सॅम्पल?"

मी नाव सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा आधी. स्टेरॉइड घेत होत्या का?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "गुडघ्यासाठी एक पुडी घ्यायची. जडीबुटीची."

पुडी तिच्या मोठ्या बहिणीनं, अक्कांनी आणून दिली होती. अजिंठ्याच्या रस्त्यावर एक औषधवाला बसायचा, त्याच्याकडची. तीन दिवसांत गुडघ्यांचं दुखणं थांबलं. वर्षभरात चेहरा गोल झाला, दंडावर निळे डाग उठायला लागले. दुखणं गेलं की माणूस भरतं, असं मीच तिला म्हणालो होतो. माझं शिक्षण याच विषयातलं.

बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलचंच कृत्रिम रूप, येत राहिलं की मेंदू ग्रंथींना हुकूम देणं थांबवतो. ग्रंथी झोपतात. त्या जाग्या व्हायला महिने लागतात. आणि पुडी घ्यायची असायची भाकरीच्या घासात घालून. नवरात्रात सुनंदाला भाकरी चालत नव्हती. घट बसले त्या दिवसापासून पुडी बंद.

मी स्कूटर काढली आणि चिकलठाण्याला गेलो. अक्का नव्या अपार्टमेंटखाली टँकरपाशी उभ्या होत्या. रडून डोळे सुजले होते, पण चेहरा तसाच गोल. मुद्दाम दिलं का, औषधवाल्याकडून यांना काही मिळतं का, असं काहीबाही वाटेत माझ्या मनात येऊन गेलं होतं.

"अक्का, ती पुडी तुम्हीपण घेता?"

"व्हय, दोन वर्षं झाली. का हो वसंतराव?"

"तिच्यात स्टेरॉइड असणार. तिच्यामुळंच सुनंदा गेली."

त्यांच्या हातातली घागर खाली आली. "म्या दिली तिला," त्या म्हणाल्या. "म्या माझ्या हातानं दिली. थांबा, आत्ता नालीत टाकते सगळ्या." त्या जिन्याकडं वळल्यासुद्धा.

माझ्याच तोंडून अर्धं निघालं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी धावत जाऊन जिना अडवला.

"फेकू नका. आजची घेतली का?"

"नाय. आता कशी घेऊ? तुम्हीच म्हणता ना, विष हाय."

"आहेच. पण एकदम बंद केली म्हणून ती गेली. आज घ्या. उद्या मी डॉक्टरांकडं नेतो."

"माझा जीव घ्यायचाय का तुम्हाला?" त्यांनी मला खालीवर पाहिलं. मगाशी मी त्यांच्याकडं जसं पाहिलं होतं, तसंच.

"माझ्यासमोर घ्या," मी म्हणालो. "मग शिव्या द्या."

वर घरात जाऊन त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्यावरची नजर न काढता पुडी गिळली.

डॉक्टरांनी पुडीच्या जागी मोजून गोळ्या दिल्या आणि त्या कमी करत करत बंद करायला जवळजवळ वर्ष लावलं. मी तक्रार दिली. तोवर औषधवाला जागा सोडून गेला होता. पुडी तपासायला पाठवली, तिच्यात स्टेरॉइड निघालं.

काय घेता, हे सगळेच विचारतात. काय बंद केलं आणि कधी, हेही विचारावं.

आता अक्का आहेत. त्यांचे गुडघे दुखतात.