पहिलं ताट

अवसरीत आमच्या घरी मुलीला पोटभर जेवायचं तर विटाळशी व्हावं लागे. हसू नका, खरं सांगते. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. रोज आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग आत्या, आणि पातेलं खरवडायला आई न् मी. पण कावळा शिवला, म्हणजे पाळी आली, की मी गोठ्याशेजारच्या पडवीत. मला वाढून आलेल्या बाईनं हातपाय धुतल्याशिवाय चुलीशी जायचं नाही, आणि पंगत चालू असताना तेवढी सवड कुणाला? म्हणून पहिलं ताट माझं! वरून टाकलेली, पण गरम भाकरी, घट्ट कालवण, गुळाचा खडा. दूध तेवढं नाही; गाय आटते म्हणे. आणि एरवी माझ्या ताटातलं उचलणारा भाऊ लांबूनच बघायचा. शिवणार कोण?

पण कावळाही शहाणाच. उरलेला महिना खरवडीवर काढणाऱ्या पोरीला शिवून त्याला मिळायचं काय? यायचाच बंद झाला. विहिरीवरून घागर आणताना मला अंधारी यायची. हे ठाऊक एकट्या आईला. आत्या तर माझ्यासाठी स्थळं बघत होती.

एके सकाळी आईनं अंगणात जाहीर केलं, "हिला कावळा शिवला."

"आई, मला तर..."

"गप. पडवीत बस जा."

पुढं हे वरचेवर होऊ लागलं. आत्याच्या ध्यानात आलंच. "अगं, आत्ताच तर बसली व्हती! लई माया दिसतीया कावळ्याची."

"त्याला काय पंचांग कळतं व्हय, वन्सं?"

आत्या धुसफुसली, पण करणार काय? खातरजमा करायची तर मला शिवावं लागलं असतं.

असे काही महिने गेले. गालावर रंग आला, डोक्यावरची घागर डुगडुगेनाशी झाली. आणि एक दिवस खरंच पाळी आली. मी दारातूनच आईला हळूच सांगितलं. ती भाकरी थापत होती, तशीच उठून धावत आली. "खरंच गं बाई?" म्हणत पिठाच्या हातांनी मला पोटाशी धरलं.

"शिवलीस की गं भवाने!" आत्या ओरडली. "आता डोक्यावरनं न्हा जा!"

"न्हाईन की, वन्सं. दुपार टळू द्या," म्हणत आई माझ्याशेजारी पडवीत ऐसपैस बसली.

पुरुष रानातून यायच्या बेतात होते. आत्यानं कपाळाला हात लावला, परातीपुढं बसली, आणि त्या दिवशी पहिली ताटं दोन वाढली. भाकऱ्या जाड होत्या, एका अंगानं करपलेल्या. आईनं तिसरी मागून घेतली.