पाहुण्यांची खोली

आजीची गादी लवंगीला सापडली ती स्वयंपाकघरामागच्या अडगळीत. एका बाजूला मोडका फ्रीज, दुसऱ्या बाजूला होडीची वल्ही, उशाशी बटाट्यांचं पोतं.

"तू इथे झोपतेस?"

"पाहुणे आलेत ना," आजी म्हणाली. "समुद्राकडची खोली त्यांना दिलीय."

"कधी जाणार?"

"हे गेले की दुसरे येतील."

लवंगीने पाठीवरची पिशवी धाडकन टाकली. बटाटे घरंगळले. सुट्टी अजून सुरूही झाली नव्हती आणि तिचं डोकं तापलं होतं. तिचं खरं नाव घरात कोणी वापरत नसे. चण लहान, तिखटपणा जबर, म्हणून लवंगी. आता कॉलेजात गेली तरी लवंगीच. प्रत्येक उन्हाळा तिने त्या समुद्राकडच्या खोलीत काढला होता, आजीच्या पलंगावर, खिडकीकडे पाय करून. भरती आली की लाटांचा धक्का गादीतून पाठीला कळायचा.

आजीने ते घर बर्फावर बांधलं, असं लोक गमतीने म्हणत. धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. मासेमारीच्या बोटी निघण्याआधी लाद्या फोडायच्या, चुरा टोपल्यांत भरायचा, टोपल्या बोटींवर चढवायच्या. आजोबा लवकर गेले. घर उभं राहिलं ते तिच्या हातांवर. हातांची बोटं मात्र गारठून कायमची बधिर झाली. शेगडीवरचं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवायची. बघणारे कौतुक करायचे. लवंगीला ते बघवत नसे. पोळलेलं आजीला कळत नव्हतं. नंतर फोड दिसायचा, तेव्हा कळायचं.

धक्क्यावर तिला अजून बर्फवालीच म्हणत. स्वभावही तसाच. कोणी काही बोलो, डोक्यावर लादी ठेवल्यासारखी गार.

खोली भाड्याने द्यायची युक्ती मामाची. मामा शहरात राहायचा आणि तिथूनच मोबाईलवर घराचे फोटो टाकायचा. आजीला सांगताना मात्र तो भाडेकरू म्हणाला नाही, गिऱ्हाईक म्हणाला नाही. 'पाहुणे येतील' म्हणाला. शब्द त्याने तोलून-मापून निवडला होता, याबद्दल लवंगीला तिळमात्र शंका नव्हती. गिऱ्हाइकाला आजीने पाणीसुद्धा विचारलं नसतं. पाहुण्यांना मात्र ती ताट उचलू देत नव्हती, स्वतःची उशी देत होती, निघाले की पायरीपर्यंत सोडायला जात होती.

"पैसे देणाऱ्यांना पाहुणे म्हणत नाहीत," लवंगी म्हणाली.

"तुझा मामा म्हणतो."

"मामा वाट्टेल ते म्हणेल! तू सांग ना त्यांना, खोली माझी आहे, निघा."

"पाहुण्यांना कुणी निघा म्हणतं का? खुळी आहेस."

मग लवंगीने स्वतःच कंबर कसली. चादरी न झटकता वाळूसकट अंथरल्या. पाहुण्यांनी कुरकुर केली आणि आजीने भर उन्हात सगळ्या चादरी पुन्हा धुतल्या. न्हाणीघराची कडी खाऱ्या वाऱ्याने गंजली होती आणि आतून अडकायची. लवंगीने ते मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. अडकली आजीच, फरशी पुसायला गेली तेव्हा. एकदा लवंगी पाहुण्यांना होडीतून फिरवते म्हणाली. बेत त्यांची गाळण उडवण्याचा होता. होडी गुडघाभर पाण्यातच कलंडली, पाहुणे खिदळत बाहेर आले आणि लवंगीच्या पोटरीला जेलीफिश डसला.

"मजा आली!" पाहुणे म्हणाले. "उद्या पुन्हा?"

पुढे कितीतरी दिवस ती लंगडत होती आणि तिच्या वाट्याच्या बादल्या आजी उचलत होती. नेम पाहुण्यांवर, घाव आजीला. दर वेळी हेच. त्याने ती आणखीच पेटायची.

अशात एक चष्मेवाला आला, बायकोला घेऊन, लांबच्या मुक्कामाला. आल्या आल्या त्याने खोलीभर नजर फिरवली.

"आजी, ते कपाट हलवता येईल का? बॅगा ठेवायला जागाच नाही."

आजीचं म्हणून त्या खोलीत तेवढं कपाटच उरलं होतं.

मामा त्याच दिवशी आला होता, सोबत सुताराला घेऊन. "हलवू की!" तो आजीच्या आधी म्हणाला. "दाराला चांगलं कुलूपही बसवतो. आई, तुझं सगळं सामान मागे नेऊ. कायमचंच. सारखी काढ-घाल कशाला?"

"कायमचंच?" लवंगी म्हणाली.

"तू मध्ये तोंड घालू नकोस. सुट्टीला आलीयस, सुट्टी कर."

"तुझी आई बटाट्यांशेजारी झोपते, मामा! लाज नाही वाटत?"

"अगं, तिला काही वाटत नाही. विचार तिलाच."

सगळ्यांनी आजीकडे पाहिलं.

"चहा टाकते," आजी म्हणाली.

मामापेक्षा, चष्मेवाल्यापेक्षा, त्या क्षणी लवंगीला आजीचाच संताप आला. सगळे ओसरीवर चहाला बसले तशी ती खोलीत शिरली. चष्मेवाल्याच्या दोन्ही बॅगा तिने समुद्राकडच्या पायऱ्यांवरून फरफटत नेल्या आणि वाळूत भिरकावल्या. पाण्याकडे तिने पाहिलं नाही. रागात कोण बघतं. मग परत येऊन ती दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली.

"पोरी," चहा संपवून आलेला सुतार म्हणाला, "निदान हातोडी ठेवायला तरी जागा दे."

तेवढ्यात चष्मेवाल्याची बायको ओसरीच्या टोकावरून किंचाळली. भरती लागली होती. एक बॅग वाळूत रुतून भिजत होती. दुसरी तरंगत चालली होती.

सगळ्यांत आधी धावली ती आजी.

"जाऊ दे ना ती!" लवंगी मागून ओरडली. "मरू दे! आजी!"

आजी कमरेएवढ्या पाण्यात गेली. बॅगेचा पट्टा तिने पकडला. लाट आली, गेली. ती वळली आणि मूठ घट्ट आवळून, दमानं, किनाऱ्याकडे चालत आली. बॅग तिच्या मागे, लांब, पाण्यावर डोलत होती. पट्टा कधी सुटला ते बोटांना कळलंच नव्हतं.

"घ्या," तिने चष्मेवाल्यापुढे मूठ केली. मग स्वतःच मुठीकडे पाहिलं.

कोणी हसलं नाही.

लवंगी पाण्यात घुसली. बॅगेला, पट्ट्याला, समुद्राला, मामाला शिव्या देत तिने ती ओढून आणली आणि चष्मेवाल्याच्या पायांशी आदळली. पाणी त्याच्या तोंडावर उडालं.

"पोर चुकली," आजी धापा टाकत म्हणाली. "पाहुण्यांशी असं वागायला नको होतं."

"कोण पाहुणे?" चष्मेवाला कडाडला. "आम्ही तुमचे कोणी पाहुणे-बिहुणे नाही! रोख भाडं भरलंय!"

"अहो, जाऊ द्या," मामा घाईघाईने म्हणाला. "आपण आत बसून—"

"थांब," आजी म्हणाली. कपड्यांतून पाणी निथळत होतं. आवाज नेहमीसारखा गार होता. "पाहुणे नाही?"

"नाही!"

"नक्की?"

"शंभरदा सांगू?"

"नको. एकदा पुरे." ती मामाकडे वळली. "ऐकलंस? मग हे माझ्या खोलीत काय करतायत?"

मामाने मोबाईल पुढे केला.

"आई, तू समजून घे. फोटोत तीच खोली..."

"फोटो पुसून टाक." मग ती सुताराला म्हणाली, "कुलूप आणलंयस ना? बसव. किल्ली माझ्याकडे दे."

चष्मेवाल्याला मामाने ओळखीच्या एका घरी नेलं, वाटभर त्याची मनधरणी करत. ओले कपडे मागेच राहिले, धुऊन पोचवायचे म्हणून.

"बॅगा कुणी टाकल्या?" आजी म्हणाली. "मग धुणार कोण?"

संध्याकाळी लवंगी त्या खिडकीखालच्या दगडावर परक्या माणसाचे शर्ट आपटत बसली होती. आत पलंग करकरला. आजी आडवी झाली होती.

"एवढंच होतं," लवंगी खिडकीकडे तोंड करून ओरडली, "तर आधी का नाही बोललीस? इतके दिवस! त्या बटाट्यांत!"

"आधी ते पाहुणे होते ना," आतून आवाज आला.

लवंगीने दात आवळून शर्ट असा पिळला की काखेतली शिवण टर्रकन उसवली.

"ते पण शिवून दे," आजी म्हणाली.